वाट दिसते, पण वाटसरू दिसतो का?

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची रीत ज्या घरांनी सांभाळली आहे, त्या घरांतील चालण्याची वेळ आपोआपच अंधाराकडे सरकते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधीच ताटे उचलली जातात आणि शतपावलीसाठी, आरतीसाठी किंवा मंदिरातील स्वाध्यायासाठी वडीलधारी मंडळी बाहेर पडतात, ती दिवेलागणीनंतर. पहाटेचेही तसेच. अभिषेकाच्या वेळेला पोहोचायचे म्हणून झुंजूमुंजू होण्याआधी निघणारे श्रावक, वैद्यांच्या सांगण्यावरून पाच वाजता रस्ता धरणारे मधुमेही, विहारात साधु-साध्वींची सोबत करणारे तरुण, पुढच्या मुक्कामी चौक्याची तयारी करण्यासाठी आधीच निघालेल्या भगिनी, या सर्वांच्या पायांखाली बहुधा पदपथ नसलेला रस्ता असतो आणि पाठीमागून येणारे वाहन त्यांना आवाजावरूनच कळते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशभरातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे जवळजवळ पाचातला एक. हे सगळेच अपघात रात्रीचे नव्हेत आणि सगळ्यांचे कारण अंधार नव्हे. दारू पिऊन गाडी हाकणारा, दिवे बंद असलेला ट्रॅक्टर, खड्डा चुकवताना कडेला आलेली दुचाकी, यांवर पादचाऱ्याचा इलाज चालत नाही. परंतु ‘दिसलाच नाही हो’ हे जे वाक्य अपघातानंतर चालकाच्या तोंडून निघते, ते पुष्कळदा खरे असते. आणि तेवढ्यापुरता इलाज चालणाऱ्याच्या हाती आहे.

अडचण अशी की, आपण दिसत नाही हे चालणाऱ्याला जाणवतच नाही. मोटारीचे दिवे त्याला किलोमीटरभर अंतरावरून दिसतात. प्रकाश जसजसा जवळ येतो तसतसे त्याचे अंग, त्याचे कपडे, पुढची धूळसुद्धा उजळून निघते. ‘मी एवढा प्रकाशात उभा आहे, तेव्हा गाडीवाल्याने मला पाहिलेच असणार’ असे मन सहज धरून चालते. चालकाची स्थिती मात्र नेमकी उलटी असते. त्याच्या पुढ्यात डांबराचा काळा पट्टा, दोन्ही कडांना झाडांच्या सावल्या आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांनी दिपलेले डोळे असतात. दोन वाहने समोरासमोर आली की त्यांच्या मधल्या पट्ट्यात असलेला माणूस काही क्षण अक्षरशः नाहीसा होतो. चालक साठीच्या घरातला असेल तर दिपलेली नजर पूर्ववत होण्यास आणखी वेळ लागतो. पादचारी स्वतःच्या दिसण्याचा अंदाज नेहमी जास्तच बांधतात, हे या विषयावर झालेल्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

थोडा हिशेब मांडला तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. माणूस दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर गाडी २५ मीटर कापून गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर. वेग ताशी ८० असेल तर हेच अंतर ७० मीटरच्या आसपास जाते आणि पावसाने रस्ता ओला असेल तर त्याहूनही पुढे. आता खाली झुकवलेल्या दिव्यांच्या प्रकाशात गडद कपड्यांतील माणूस साधारणपणे २५ ते ३० मीटरवर दिसतो. म्हणजे तो दिसतो तेव्हा गाडी थांबवण्याची वेळ निघून गेलेली असते.

येथे पुष्कळांच्या मनात येईल की आपल्याकडे तर पांढरी वस्त्रे असतात. मंदिरात जाताना पांढरे धोतर, पांढरी साडी. साध्वीजींची वस्त्रेही शुभ्र. पांढरे वस्त्र काळ्यापेक्षा निश्चितच बरे. ते ५० ते ६० मीटरवर लक्षात येऊ शकते. परंतु वरचा हिशेब आठवावा. शहरातल्या संथ रस्त्यावर ते पुरेल. महामार्गावर ते पुरत नाही. शिवाय ही अंतरे स्वच्छ हवेतली आणि वस्त्राकडेच लक्ष असलेल्या चालकाची आहेत. दमलेला, पहाटे चार वाजता डोळे ताणून गाडी हाकणारा चालक रस्त्याकडेच्या पांढऱ्या आकाराला मैलाचा दगड समजू शकतो किंवा बांधावर अडकलेली खताची गोणीही समजू शकतो. पांढऱ्या वस्त्रावरचा हा अतिविश्वास समाजात इतका रुजला आहे की रात्रीच्या सामानाची निवड करताना प्रथम तोच बाजूला ठेवावा लागतो.

अंधारात दीडशे मीटर व त्याहून दूर अंतरावरूनही लख्ख दिसणारी वस्तू आहे ती म्हणजे परावर्तक पट्टी. बाजारात तिला ‘रेडियम’ म्हणतात. या नावाने एक घोटाळा करून ठेवला आहे. तिच्यात रेडियम हे द्रव्य मुळीच नसते आणि ती स्वतः चमकतही नाही. पूर्वी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावीत, तो अंधारात आपोआप उजळे. तेव्हापासून अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला हे नाव चिकटले. दिवसाचा प्रकाश शोषून रात्री हिरवट उजेड देणारे ‘ग्लो’ स्टिकर ही आणखी तिसरीच वस्तू. मुलांच्या खोलीतील छतावर चांदण्या म्हणून ते शोभतात. रस्त्यावर त्यांचा मंद उजेड कुचकामी ठरतो. दुकानात ‘रेडियम द्या’ एवढेच म्हटले तर यांपैकी काहीही हातात पडू शकते.

परावर्तक पट्टीचे रहस्य तिच्या परतवण्याच्या रीतीत आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेला प्रकाश दाही दिशांना उधळते. आरसा तो भलतीकडे फेकतो. परावर्तक पट्टी मात्र जिकडून प्रकाश आला तिकडेच तो परत पाठवते. कापडी पट्टीवर केसाहूनही बारीक अशा काचेच्या मण्यांचा थर असतो. प्रकाश मण्यात शिरतो, वळतो, मागच्या चकचकीत लेपावर आदळतो आणि आल्या वाटेने परततो. प्लास्टिकच्या पट्ट्यांत मण्यांऐवजी कोपऱ्यासारखे बारीक लोलक असतात. कॅरमचा स्ट्रायकर कोपऱ्यातील दोन्ही कडांना लागून पुन्हा आलेल्या दिशेनेच निघतो, तसा तेथे प्रकाश तीन पृष्ठांवर उसळून माघारी जातो. मोटारीचा दिवा आणि चालकाचा डोळा यांत अंतर थोडे असल्यामुळे परतलेला प्रकाश बरोबर त्याच्या डोळ्यांत उतरतो. इंग्लंडमधील हॅलिफॅक्स गावच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यावर बसवायच्या ज्या ‘मांजरडोळ्यां’चे पेटंट घेतले, त्यांचेही तत्त्व हेच. आपल्याकडे गाळपाच्या हंगामात उसाच्या गाड्यांना आणि ट्रॉल्यांना मागून जे लाल परावर्तक लावले जातात, तेही याच जातीचे. बैलगाडीला जे आवश्यक मानले गेले, ते माणसाच्या अंगावर असावे हे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

फिनलंडमध्ये ते पडले आहे. तेथे हिवाळ्यात दिवसाचा बराच भाग अंधारात जातो. अर्वी लेहती नावाच्या गृहस्थाने घोडागाड्यांसाठी केलेले प्लास्टिकचे परावर्तक पुढे माणसांसाठी वापरात आले आणि आज तेथील कायद्यानेच अंधारात रस्त्यावर चालणाऱ्याने परावर्तक बाळगावा अशी अपेक्षा आहे. कोटाच्या खिशातून दोरीला बांधलेली ती छोटी चकती गुडघ्याच्या उंचीवर लोंबत राहते. गुडघ्याच्याच उंचीवर का, याचे कारण समजण्यासारखे आहे. झुकवलेल्या दिव्यांचा झोत रस्त्यालगत खाली पडतो. दूरवरच्या माणसाचे आधी पाय उजळतात. छाती आणि डोके नंतर. चकती चालताना हेलकावते, फिरते आणि लुकलुकते. त्यामुळे नजर तिच्याकडे ओढली जाते.

चालण्याच्या हालचालीचा हा मुद्दा फार मोलाचा आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये काळोखात माणसांच्या केवळ सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावून चित्रण केले. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्याला काही अर्थहीन ठिपके दिसत. तो चालू लागताच क्षणार्धात ‘हा चालणारा माणूस’ अशी ओळख पटे. मनगट, कोपर, गुडघा, घोटा यांच्या झुलण्याची लय आपला मेंदू जन्मभर पाहत आला आहे. पुढे अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी रात्रीच्या रस्त्यावर हेच तपासले. केवळ छातीवरच्या जाकिटापेक्षा सांध्यांवर लावलेल्या पट्ट्यांनी चालकांना माणूस अधिक दुरून ओळखता आला. छातीवरचा चमकता चौकोन चालकाला ‘तेथे काहीतरी आहे’ एवढेच सांगतो. तो फलकही असू शकतो. घोट्यांवरच्या दोन खालीवर होणाऱ्या पट्ट्या पाहिल्यावर अशी शंका उरत नाही.

म्हणून एकच वस्तू घ्यायची असेल तर जाकिटाआधी घोट्यांवरच्या पट्ट्या घ्याव्यात, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लवचिक कापडाच्या, वेल्क्रोने बंद होणाऱ्या चार पट्ट्या, दोन घोट्यांना आणि दोन मनगटांना, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी साधन आहे. मंदिरात अनवाणी जाणाऱ्यालाही त्या चालतात आणि चप्पल-बूट घालणाऱ्यालाही. त्यांच्या जोडीला जाकीट असेल तर उत्तमच.

मात्र हे सामान तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पँट घातलेला माणूस असतो. साडी आणि धोतर त्यांच्या गावी नसते. पायघोळ साडीत घोट्याची पट्टी झाकली जाते. अशा वेळी मनगटांवरच्या पट्ट्या ठेवाव्यात, चपलेच्या किंवा बुटाच्या टाचेमागे एक तुकडा चिकटवावा आणि पदर घेऊन झाल्यावर त्यावरून खांद्यापासून कमरेपर्यंत जाणारा परावर्तक पट्टा घालावा. जाकीट आधी आणि पदर नंतर, असे झाले तर जाकीट असून नसल्यासारखे. थंडीतील शालीचे आणि पावसाळ्यातील रेनकोटचे हेच आहे. जे वस्त्र सर्वांत वर असते, पट्टी त्यावरच हवी. धोतर नेसणाऱ्यांनी पट्टी घोट्याच्या वर, धोतराच्या काठाखाली उघडी राहील अशी बांधावी. हातात पूजेच्या साहित्याची पिशवी नेहमीच असते. तिच्या दोन्ही बाजूंना आडवी पट्टी शिवून घेतली तर ती चालीबरोबर झुलत आपले काम करते.

जाकिटाच्या रंगाविषयी पुष्कळ गैरसमज आहे. पोपटी-पिवळा किंवा भडक नारिंगी असा जो झगझगीत रंग असतो, तो दिवसाच्या प्रकाशातील अतिनील किरणांवर उजळतो. पहाट, सायंकाळ, ढगाळ दुपार, धुके या वेळी तो अप्रतिम काम करतो. हिरव्या उसाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर नारिंगी अधिक उठून दिसतो. पण सूर्य पूर्ण मावळला की त्या रंगाची जादू संपते आणि उरते ती केवळ करड्या-रुपेरी पट्टीची करामत. त्यामुळे काळोखात चालायचे असेल तर जाकिटाचा रंग न्याहाळण्याआधी पट्टीची रुंदी पाहावी. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी ‘ईएन आयएसओ २०४७१’ हे प्रमाण आहे. त्यात पट्टी किमान ५० मिलिमीटर रुंद असावी लागते आणि कापडाच्या व पट्टीच्या क्षेत्रफळानुसार कपड्यांचे तीन वर्ग केलेले आहेत. तिसरा वर्ग सर्वांत ठळक. भारतीय मानक ब्यूरोचे यासाठीचे मानक ‘आयएस १५८०९’. सामान्य पादचाऱ्याला दुसऱ्या वर्गाचे जाकीट पुष्कळ होते. अरुंद पट्टीची, जाळीदार, शंभर-दोनशे रुपयांची जाकिटे सर्वत्र मिळतात. त्यांतील काही ठीक असतात. काहींवर रुपेरी रंगाचे साधे कापडच शिवलेले असते.

खरी पट्टी कोणती, हे दुकानातच पाहता येते. विजेरी हातात खाली न धरता आपल्या गालाशी, डोळ्याच्या शेजारी धरावी आणि दहा-बारा पावलांवर टांगलेल्या जाकिटाकडे पाहावे. खरी पट्टी पेटल्यासारखी उजळते. नकली राखाडीच राहते. विजेरी डोळ्यापासून दूर नेली की खऱ्या पट्टीचाही उजेड ओसरतो. तीच तिची ओळख. मोबाइलवर फ्लॅश लावून छायाचित्र काढले तरी चालते. खऱ्या पट्टीच्या जागी छायाचित्रात पांढरा शुभ्र डाग उमटतो.

याच गुणातून तिच्या मर्यादाही निघतात. मालमोटारीत चालकाचा डोळा दिव्यांपासून बराच उंच असतो. त्यामुळे परतलेल्या प्रकाशातील कमी हिस्सा त्याच्यापर्यंत पोहोचतो. भर पावसात उघड्या मण्यांच्या कापडी पट्टीवर पाण्याचा थर बसला की मण्यांचे काम बिघडते आणि ती मंदावते. लोलकांची बंदिस्त प्लास्टिक पट्टी पावसात अधिक भरवशाची. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही, की समोरून प्रकाशच आला नाही तर परत काय पाठवणार? दिवा गेलेली दुचाकी, एकाच डोळ्याचा ट्रॅक्टर, सायकल, बैलगाडी यांच्यापुढे सर्वोत्तम पट्टीही आंधळीच. गावच्या रस्त्यांवर अशा वाहनांची उणीव नाही. म्हणून पट्टीबरोबर स्वतःचा दिवाही हवा.

दिव्याचे दोन हेतू असतात आणि खरेदी करताना ते वेगळे ठेवले नाहीत तर पैसे वाया जातात. एक, आपल्याला वाट दिसावी. दुसरा, आपण इतरांना दिसावे. पहिल्या कामासाठी मोबाइलचा दिवा बहुतेक जण वापरतात. त्याने पायापुढची चार हात जमीन दिसते, हे खरे; पण त्यात एक हात अडकतो, फोनची बॅटरी उतरते आणि पाठीमागून येणाऱ्याला त्या दिव्याचा मागमूसही लागत नाही. डोक्याला बांधायची विजेरी दोन्ही हात मोकळे ठेवते. सम्मेदशिखरजीला मध्यरात्रीनंतर डोंगर चढू लागणारे, सत्तावीस किलोमीटरची वंदना एका दिवसात करणारे यात्रेकरू एका हातात काठी धरतात. त्यांना हिच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. साध्या रस्त्यासाठी १०० ते २०० ल्यूमेनचा उजेड पुरेसा असतो. त्याहून प्रखर दिवे घेण्याची हौस टाळावी. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवून आपली सुरक्षितता वाढत नाही. एक बारकावा असा की विजेरी कपाळाऐवजी कमरेशी लावली तर जमिनीवरच्या उंचसखलपणाची सावली ठळक पडते. खड्डा, दगड आणि पायाखाली येऊ शकणारा जीव अधिक नीट दिसतो. पावसाळ्याच्या रात्री मण्यार, घोणस आणि फुरसे वाटेवर असतात. त्यांना आपल्यापासून आणि आपल्याला त्यांच्यापासून वाचवायचे तर हा खाली पडणारा उजेड आवश्यकच आहे.

दुसऱ्या कामासाठी पाठीमागे लहानसा लाल दिवा. पुढे पांढरा, मागे लाल ही वाहनांची भाषा प्रत्येक चालकाच्या अंगवळणी पडलेली असते. पादचाऱ्याने तीच वापरावी. मागे पांढरा दिवा लावणारा माणूस चालकाला समोरून येत असल्यासारखा वाटतो. लुकलुकणारा दिवा लक्ष लवकर वेधतो, तर स्थिर दिव्यावरून अंतराचा अंदाज चांगला येतो. दिवा एकच असेल तर लुकलुकता ठेवावा आणि अंतर सांगण्याचे काम घोट्यांवरच्या पट्ट्यांवर सोपवावे. तो कमरपट्ट्याला किंवा पिशवीच्या मागे चिमट्याने लागावा, पाण्याचे शिंतोडे सोसणारा असावा (खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ किंवा त्याहून वरचा आकडा पाहावा) आणि त्याची कळ बोटांना सहज सापडावी. आतील सेल चार्ज करता येण्याजोगे असतील तर बरे. लाल आणि पिवळसर उजेडाकडे किडे-पाखरे पांढऱ्या उजेडापेक्षा पुष्कळ कमी झेपावतात, हीसुद्धा या घरांमध्ये विचारात घेतली जाणारी गोष्ट आहे. पुढच्या विजेरीतही पिवळसर छटेचा दिवा मिळाला तर तोच घ्यावा.

रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे, याचे उत्तर दोन प्रकारचे आहे. एकटादुकटा माणूस, पदपथ नसेल तेथे, उजव्या कडेने, म्हणजे येणाऱ्या वाहनांना सामोरा चालला तर त्याला धोका आधी दिसतो व बाजूला होता येते. मोठ्या समूहाला मात्र हे लागू नाही. आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये समूहाने चालणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे: पदपथ नसल्यास डावी बाजू धरावी, पुढे आणि मागे एकेक राखणदार असावा, रात्री पुढच्याने पांढरा व मागच्याने लाल दिवा दाखवावा, आणि रस्त्याकडच्या बाजूने चालणाऱ्यांनीही दिवे व परावर्तक वस्त्रे बाळगावीत. पदयात्रा, दिंड्या आणि विहार यांना ही रचना जशीच्या तशी उपयोगी पडेल.

विहाराच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात भूमी न्याहाळत चालणे ही ईर्यासमिती. तिच्या पालनात रात्रीच्या चालण्याला स्थानच नाही. तरीही दाट धुक्याची सकाळ येते, उन्हाळ्यात मुक्काम लांब पडतो, आणि विहारातील अपघातांच्या बातम्या समाजाने दुर्दैवाने वारंवार वाचल्या आहेत. दिगंबर मुनींजवळ पिच्छी आणि कमंडलू यांखेरीज काही नसते. पट्टी बांधायला वस्त्रही नसते. श्वेतांबर साधु-साध्वींना अग्निकायिक जीवांच्या विराधनेमुळे दिवा वर्ज्य. परावर्तक पट्टीत ना ज्योत, ना वीज, ना सेल. तरीही ती अंगावर असावी की नसावी हा निर्णय त्या त्या संघाच्या आचार्यांचा आहे. श्रावकांपुढे तसा कोणताच प्रश्न नाही. साधुगणांच्या पुढेमागे चालणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, घोट्यांना पट्ट्या आणि शेवटच्या माणसाच्या पाठीवर लाल दिवा असणे हे पूर्णपणे त्यांच्या हातातले आहे. त्या शेवटच्या माणसाने समूहाला चिकटून न चालता थोडे मागे राहावे. म्हणजे चालकाला आधी तो दिसतो आणि वेग कमी करायला अवधी मिळतो. वयोवृद्ध साध्वीजींसाठी चाकाची खुर्ची असेल तर तिच्या पाठीला आडवी रुंद पट्टी आणि दोन्ही चाकांच्या आऱ्यांना तुकडे लावावेत. फिरणारे तुकडे बाजूनेही दिसतात. अनेक गावांतील विहारसेवेच्या तरुणांनी जाकिटे आपलीशी केली आहेत. घोट्यांच्या पट्ट्या मात्र त्यांच्यातही क्वचितच दिसतात.

सामान घरी आणल्यावर त्याची निगा राखावी लागते आणि येथे बहुतेक घरांत हयगय होते. प्रमाणित कपड्याच्या आतल्या पट्टीवर तो किती धुण्यांपर्यंत टिकेल हे छापलेले असते. ते वाचावे. जाकीट उलटे करून, थंड पाण्यात, ब्लीच न घालता धुवावे. पट्टीवर इस्त्री फिरवू नये, पिळू नये. घासून घासून मणी निघून जातात आणि दिवसा नव्यासारखे दिसणारे जाकीट रात्री मुके होते. वर सांगितलेली विजेरीची परीक्षा पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर घरातल्या जाकिटांचीही घ्यावी.

वडीलधाऱ्यांना जाकीट घालायला लावणे सोपे नसते. ‘मी काय रस्त्यावरचा मजूर आहे का?’ हा प्रश्न अनेक घरांतील मुलांनी ऐकला आहे. तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या वस्तूशिवाय ते बाहेर पडतच नाहीत ती वस्तू निवडावी. बहुतेकांची ती काठी असते. काठी जमिनीलगत असते, पावलागणिक पुढेमागे झुलते, शालीखाली झाकली जात नाही आणि विसरली जात नाही. झुकवलेल्या दिव्यांना सर्वांत आधी सापडणारी जागा तीच. काठी कोरड्या फडक्याने पुसून, रबरी टोकापासून वीतभर वर एक आणि मुठीच्या खाली एक अशा दोन ठिकाणी लोलकांची चिकटपट्टी पूर्ण वेढा देऊन गुंडाळावी, म्हणजे काठी कशीही धरली तरी पट्टी मागच्या वाहनाकडे तोंड करून राहते. खालचा वेढा चिखलाने लवकर मळतो. मंदिराच्या पायरीशी पाय धुताना त्यावरही थोडे पाणी घालून घ्यावे.